दुखवट्याचं चायनीज

भोसरी, पुणे
८ जानेवारी १९९९

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

दाजींना जाऊन महिना उलटला. तेराव्याला मी आलो आणि पानावरून उठलो तसाच गाडीला पळालो, हे तुला लागलं असणार. कंपनीत रजेची फार ओढाताण चालली आहे. आदेशला वाटलं असेल, मामा पाहुण्यासारखा येऊन गेला. त्याची समजूत तूच घाल.

तुझा दुखवटा काढायचा राहिला आहे, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तुझ्या जाऊबाई कुशाबाई रोज विचारत असतील. खरं तर मी स्वतः तुला न्यायला यायला हवं, पण दोन दिवस काढणं जमत नाही. तेव्हा संक्रांत होऊ दे आणि सतरा तारखेच्या रविवारी तू ये. आदेशला सांग, आळेफाट्यावरून पुण्याच्या गाडीत बसवून दे. भोसरीला उतरू नकोस. तशीच पुढं शिवाजीनगरच्या स्टँडवर ये. मी आणि आरोही तिथं उभे असू. असं का, ते भेटीत सांगतो.

येताना कांदे, गूळ, तूर असलं काही आणू नकोस. ओझं होईल.

तुझा
गोरख


पिंपरी पेंढार
२५ जानेवारी १९९९

चि. गोरख,
तुला, अश्विनीला आणि आरोहीला माझा आशीर्वाद.

मी नीट पोचले. आदेश मोटारसायकल घेऊन फाट्यावर आला होता. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचेना. फोन करावा तर तो कुशाबाईच्या ओसरीत. तिथं एक शब्द बोललं की दिवे लागायच्या आत वेशीबाहेर जातो.

तुझ्या हौसेला मी नावं ठेवत नाही. हॉटेल भारी होतं. दाराशी टोपीवाल्या माणसानं मला सलाम ठोकला, तेव्हा मी मागं वळून बघितलं, कुणाला करतोय म्हणून. आत भर दुपारी अंधार. लाल कंदील टांगलेले, पण उजेड पडेल असा एक नाही. गारठा एवढा की मी पदर लपेटून घेतला. बसते न बसते तोच एकानं चिमट्यात धरून गरम ओला पंचा माझ्यापुढं केला. मला वाटलं, मी सुतकातून आलेली हे यांना कसं कळलं, आणि आधी तोंड पुसायला लावतायत. शेजारच्या टेबलावर त्या नटलेल्या बायकांनाही तसाच दिला, तेव्हा जीव जागेवर आला. तुला बोलले नाही. तू हसला असतास, आणि त्या दिवशी मला हसू सोसलं नसतं.

सूप म्हणजे मक्याचं आंबील, मीठ कमी पडलेलं. ते मला चाललं. काड्यांना मी हातच लावला नाही. पण ते मधलं फिरतं काचेचं तबक मला मुळीच आवडलं नाही. भात त्याच्यावर, भाजी त्याच्यावर, आणि आरोही ते फिरवतेय. माझ्यासमोर भात यायचा आणि मी हात पुढं करेपर्यंत पुढं जायचा. "अक्का, घे की", असं तू एकदा म्हणालास. पण घे म्हणणं वेगळं आणि उठून वाढणं वेगळं. चार माणसं चाकरीला उभी होती, ती वाढत होती, पण त्यांच्या वाढण्याला मी काय करू? शेवटी ते मधातल्या तळलेल्या शेवयांवर आईस्क्रीम घातलेलं आलं. तू म्हणालास, "हे गोड आहे अक्का, हे खा." तुझा आवाज कसातरी झाला होता. मी खाल्लं. मग टेबलाखालून तू लुगड्याची पिशवी माझ्या मांडीवर सरकवलीस. चोरीचा माल द्यावा तशी.

अरे, रीत तुला मी सांगायची का? भावानं बहिणीला घरी न्यायचं. भावजयीनं उंबऱ्याबाहेर तिच्या पायांवर पाणी घालायचं, आत घ्यायचं, आपल्या हातानं गोडाचं वाढायचं. मग ती बाई चार दारी जायला मोकळी. तोवर मी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही. संक्रांतीला बायका दारावरून वाण घेऊन जात होत्या आणि मी गोठ्यामागं शेण थापत बसले होते.

येताना-जाताना गाडी आपल्या गावाला, पेठेत, थांबली. तिथलं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं, आई-दादा राहिले नाहीत. त्या गावात उतरायला मला आता कारण नाही. माझं माहेर म्हणजे भोसरीचं तुझं बिऱ्हाड, असं मी धरून होते. गाडी भोसरीला आली तेव्हा तुझ्या इमारतीवरची पाण्याची टाकी खिडकीतून दिसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, भोसरी आली, उतरायचं का?" मी न्हाई म्हणाले.

अश्विनी का आली नाही, तर ऑफिसात काम निघालं, असं तू म्हणालास. मी मान हलवली. घरी आले तर कुशाबाई पायरीवरच बसलेली. "काय केलं व्हतं भावजयीनं?" मी म्हणाले, पुरणपोळी. एकदा बोलायला लागले ते थांबता येईना. कटाची आमटी झाली, कुरडया झाल्या, भजी झाली. सगळं पान वाढलं मी तिच्यापुढं. आता गावाला वाटतं अश्विनीच्या हाताला लई चव आहे.

एकच विचारते. अश्विनीला माझी भीती वाटली का? मी मोकळ्या कपाळानं तिच्या घरात येऊ नये असं तिला वाटलं का? तसं असेल तर लिही. वाईट वाटेल, पण डोक्यातला भुंगा तरी थांबेल.

अक्का


भोसरी
६ फेब्रुवारी १९९९

ती. अक्का,
नमस्कार.

पत्र वाचून मनाला लागलं. तू काय काय मनात धरून बसली आहेस. अश्विनी तसल्या विचारांची नाही, हे तुला माहीत आहे. ती शिकलेली आहे.

घराला रंग लावायचं काम चालू होतं. सगळं सामान मधल्या खोलीत, पाय ठेवायला जागा नाही, वास एवढा की डोकं उठायचं. अशा घरात तुला आणून तुझे हाल करायचे का? म्हणून मी पुण्यातलं चांगल्यातलं चांगलं ठिकाण बघितलं. आमच्या कंपनीचे मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना तिथंच नेतात. आधी फोन करून जागा धरून ठेवावी लागते. मला वाटलं होतं तुला बरं वाटेल. चूल नाही, धूर नाही, उठबस नाही, कुणीतरी आयतं आणून द्यावं. आयुष्यभर तू दुसऱ्यांना वाढत आलीस.

शहरात आता सगळे असंच करतात, अक्का. बारसं हॉटेलात, वाढदिवस हॉटेलात. भावना असली म्हणजे झालं. पाणी पायांवर घातलं काय न घातलं काय.

लुगडं कसं वाटलं ते तू लिहिलंच नाहीस. आरोहीनं रंग निवडला होता. तिची चाचणी चांगली गेली.

मी सध्या फार दमतो. जास्त लिहीत नाही.

गोरख


पिंपरी पेंढार
२० फेब्रुवारी १९९९

गोरख,

हॉटेलात म्हणालास अश्विनी ऑफिसात गेली. ती शाळेत शिकवते, तिला ऑफिस कुठलं, आणि रविवारी कसलं, हे मला तिथंच कळलं होतं. आता म्हणतोस रंगाचं काम. खोटं बोलायचं तर एकाच ठिकाणी उभं राहून बोलावं. मी पुरणपोळीचं सांगितलं ते अजून पुरणपोळीचंच सांगतेय.

पायांवर पाणी घातलं काय न घातलं काय, असं तू लिहिलंस. तुला काही नसेल. मला आहे.

इथली हकीकत. आदेशची सोयरीक मंचरला जुळते आहे. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुलगी बघायला जायचं ठरलं. गावाच्या लेखी माझा दुखवटा निघालेला आहे, तेव्हा मी जायला मोकळी. पण माझं मला माहीत आहे की मी मोकळी नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या घरात, शुभाच्या कामात, मी खोट्यानं पाय कसा ठेवू? उद्या काही वाकडं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? गुडघा धरलाय म्हणून सांगितलं आणि घरी बसले. कुशाबाई गेली. तिनंच मुलीची ओटी भरली, तिनंच नाव विचारलं. माझ्या सुनेचं तोंड मी अजून बघितलेलं नाही.

आदेश रागावला माझ्यावर. म्हणाला, "आये, तुला ही सोयरीक नको व्हती तर तसं सांगायचं." त्याला काय सांगू?

साखरपुडा अक्षय्य तृतीयेच्या मागंपुढं होईल. आदेश तुला पत्रिका पाठवील. मी बोलावणार नाही. ज्या घरात मला घेतलं नाही, तिथल्या माणसांना मी या म्हणायचं, एवढी ताकद आता माझ्यात राहिलेली नाही. दाजी गेल्यापासून झोप नाही, डोळे नुसते मिटलेले असतात. मला भांडायचंही नाही. माहेर संपलं असं समजून मी माझी कामं करते आहे.

लुगडं पेटीत ठेवलंय. नेसले नाही.

अक्का


भोसरी
१ मार्च १९९९

अक्का,

रंगाचं काम नव्हतं. ऑफिसही नव्हतं. अश्विनी घरीच होती. गेलं वर्षभर ती घरीच आहे.

कुठून सुरुवात करू ते कळत नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर ती एक दिवस शाळेतून आली आणि पलंगावर पडली, भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं डोकं दुखत असेल. दुसऱ्या दिवशी उठली नाही. नंतर शाळेत जायची, यायची आणि पडायची. मग जाणंही थांबलं. बिनपगारी रजेवर आहे. ताप नाही, खोकला नाही. बोलत नाही, जेवत नाही, रडतसुद्धा नाही. अंघोळीला नेलं तर जाते. डॉक्टर म्हणतात मनाचा आजार आहे, बरा होतो, वेळ लागतो. गोळ्या चालू आहेत. कशामुळं झालं असं विचारू नकोस. मी विचारून विचारून दमलो. काही झालेलं नाही. कुणी काही बोललेलं नाही. तिला स्वतःलाच कळत नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटते.

तिला एकटीला ठेवून मी कुठं रात्रीचा राहू शकत नाही. म्हणून तेराव्याला पळालो. म्हणून तुला न्यायला आलो नाही. शेजारणीला चार तास बसवून तुझ्यासाठी आलो होतो.

पत्रात मी शिवाजीनगर लिहिलं खरं, पण त्या रविवारी सकाळपर्यंत माझ्या मनात होतं की भोसरीच्या स्टॉपवर उभं राहावं आणि तुला उतरवून घ्यावं. शिरा करायला घेतला होता, तो खाली लागला. अश्विनीला सांगितलं, अक्का येतेय. ती उठून बसली. केस बांधायला म्हणून हात वर केले, ते अर्ध्यातूनच खाली आले. मग म्हणाली, "त्यांच्या पायांवर पाणी घालायला मला उभं राहता यायचं नाही. मला कुठंतरी ठेवून या आणि मग त्यांना घरी आणा." बायकोला कुठं ठेवून यायचं असतं, अक्का? मी शिऱ्याचं पातेलं भिजत घातलं आणि आरोहीला घेऊन निघालो.

ते हॉटेल मी साहेबांमुळं निवडलं असं लिहिलं, तेही अर्धंच खरं. अश्विनी शाळेत कायम झाली तेव्हा पहिल्या पगारावर तिनं आम्हाला तिथं नेलं होतं. काय मागवायचं ते तिनंच शिकवलं. मधातल्या शेवया तिच्याच आवडीच्या, दरसान म्हणतात त्याला. त्या काड्यांनी तिनं एक शेंगदाणा उचलला आणि आरोहीच्या तोंडात घातला, आणि हेडमास्तरांची नक्कल करून एवढी हसली की शेजारची माणसं बघायला लागली. तुला सुखाचे चार घास घालायचे म्हटल्यावर मला दुसरी जागाच आठवेना. घरात ती जागा कुठंच राहिली नव्हती. मी तुला तिथं बसवलं आणि समोर बघितलं तर तुझा चेहरा उतरलेला. तेव्हाच कळलं की चुकलो. पण आता उठून कुठं जाणार, म्हणून पुढचं मागवत राहिलो.

आरोहीनं आपल्यातलं अर्धंमुर्धं जेवून उरलेलं डब्यात भरून घेतलं, ते तू बघितलंस. तू म्हणालीस, "पोरीला शिळं खायची सवय लावू नका." ते आईसाठी होतं. अश्विनीनं त्यातले दोन घास खाल्ले आणि विचारलं, अक्का रागावल्या का? मी नाही म्हणालो.

कुणाला सांगितलं नाही याचं कारण तुला ठाऊक आहे. पेठेत कळलं तर वेड लागलं म्हणतील. आरोही सातवीत आहे. उद्या तिच्या लग्नात हाच विषय निघेल. आणि खरं सांगू का, तोंडातून शब्दच फुटत नव्हता. कंपनीत कुणी घरचं विचारलं की मी मजेत म्हणतो.

मी दमलोय गं. सकाळी पाणी, डबा, हिची गोळी, मग पहिली पाळी. आल्यावर भांडी. सगळं येतं मला आता, फक्त आरोहीची वेणी नीट येत नाही. ती तशीच शाळेत जाते.

तुझं माहेर संपलेलं नाही. ते असं आहे, एवढंच.

गोरख


पिंपरी पेंढार
६ मार्च १९९९

चि. गोरख,

पत्र काल मिळालं. आदेशनं वाचायला मागितलं, मी दिलं. वाचून तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. आता त्याचा माझ्यावरचा राग गेला आहे.

तुझ्यावर मी रागावले आहे, आणि तो राग मी तिथं येऊन काढणार आहे. एवढं दीड वर्ष एकट्यानं ओढलंस आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही. मी इथं बसून त्या पोरीच्या नावानं काय काय मनात आणलं. देव मला विचारील.

येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. भोसरीला उतरणार आहे. न्यायला येऊ नकोस, टाकी मला दिसते. घर आवरू नकोस. अश्विनीला उठवू नकोस, केस बांधायला लावू नकोस. दार तू उघड. पाणी घालायचं तर तू घाल, नाही जमलं तर राहू दे. आदेश म्हणतो, म्हशींचं मी बघतो, तू राहा लागतील तितके दिवस.

आणि ऐक. मी काही तिला बरी करायला येत नाही. ते डॉक्टरांचं काम. मलाही इथं खायला उठतं घर. दाजींची खाट अजून तिथंच आहे. मी पण दमले आहे, गोरख. एकीच्या जागी दोघी पडून राहू.

कांदे, गूळ आणि तूर आणतेय. ओझं मला होणार आहे, तुला नाही.

अक्का


भोसरी
१९ मे १९९९

ती. अक्का,
सा. न.

हे पत्र बरेच दिवस चाललं आहे. एका दिवसात दोनचार ओळी होतात. अक्षर हललंय, समजून घ्या. फळ्यावर लिहायची सवयही मोडली.

तुम्ही मार्चमध्ये आलात त्या दिवशीचं मला सगळं ऐकू आलं होतं. मी आतल्या खोलीत जागी होते. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या आणि हे तांब्या घेऊन तसेच. भावानं पाणी घातलेलं चालतं की नाही, ते यांना ठरवता येईना. माझं नाव घेऊन एकदा हाक मारली त्यांनी, अगदी हळू. मला उठायचं होतं, अक्का. खरंच उठायचं होतं. तुम्ही म्हणालात, "घाल रं तूच. पाणी ते पाणीच." मग पाणी पडल्याचा आवाज आला. मी तोंडात पदराचा बोळा धरला.

तुम्ही आत आलात तेव्हा मला वाटलं, आता विचारणार. काय झालं, काय दुखतं, कुणी काही केलं का, माहेरी जाऊन येतेस का. सगळे तेच विचारतात. तुम्ही नुसतं म्हणालात, "सरक जरा. मी लई दमलेय." आणि माझ्या शेजारी आडव्या झालात, आणि लागलीच झोपलात. आरोही शाळेतून आली, दारातून वाकून बघून गेली. तुम्ही दिवेलागणीपर्यंत उठला नाहीत. इतकं दमलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. माझ्याहून जास्त. पंखा जोरात होता, तुमच्या अंगावर काही नव्हतं. चादर पायाशी होती. ती घ्यायला मी उठले. चादर घातली आणि उभीच राहिले. मग उभीच आहे तर चहा टाकावा, असं वाटलं.

लोक यांना विचारतात, कशानं फरक पडला. मोठा फरक नाही. गोळ्या चालू आहेत. मागचा आठवडा पुन्हा सगळा पलंगावर गेला. पण तुम्ही होतात त्या दिवसांत आपण दोघी दुपारी झोपायचो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. घरात आणखी कुणीतरी झोपलेलं असायचं. तुम्ही दाजींबद्दल बोलायचात, मी ऐकायची. माझ्याकडून तुम्हाला काही नको होतं.

साखरपुड्याला मी येईन असं मलाच वाटलं नव्हतं. भाड्याच्या गाडीतून पिंपरी पेंढारला पोचेपर्यंत मी तीनदा म्हणाले, गाडी वळवा. तुम्ही मंडपामागं लिंबाखाली माझी खुर्ची ठेवली होती, लोकांकडं पाठ करून. तिथं बसून सगळं दिसतही होतं आणि कुणाला मी दिसत नव्हते. तुम्ही ते लुगडं नेसला होतात. आरोहीनं मला येऊन सांगितलं, मग मी वळून बघितलं. होणाऱ्या सुनेनं तुम्हाला वाकून नमस्कार केला तेव्हा तुम्ही तिची हनुवटी धरून कितीतरी वेळ बघत होतात.

मग कुशाबाई चारपाच बायका घेऊन माझ्याकडं आल्या. "तुमच्या पुरणपोळीचं लई ऐकलं वो. पीठ कसं मळता तेवढं सांगा." मला पुरणपोळी येते, पण मी दीड वर्षात पोळीसुद्धा लाटली नाही. काय बोलावं? तुम्ही सुपारीचं तबक घेऊन जात होतात, त्या थांबलात. तबक खाली ठेवलंत.

"कुशा, पुरणपोळी न्हवती. मी खोटं बोलले व्हते. ही आजारी व्हती, अजून हाय. मनाचा आजार हाय. आमी त्या दिशी चिनी हॉटेलात जेवलो."

तुम्ही आवाज खाली केला नाहीत. दीड वर्षात माझ्या आजाराचं नाव सगळ्यांनी कुजबुजत घेतलं आहे, डॉक्टरांनीसुद्धा केबिनचं दार लोटून. तुम्ही भर मंडपात, साखरपुड्याच्या गर्दीत, गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं सांगितलंत. मला वाटलं, आता माझ्यामुळं आदेशच्या सोयरिकीत विघ्न येणार. तर कुशाबाई खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझी धाकली बहीण अशीच व्हती. आमी तिला देवऋष्याकडं न्हेली." मग त्या माझा हात धरून बसल्या. त्यांच्या त्या बहिणीचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

परत येताना गाडीत मी झोपले. यांनी सांगितलं, घोरत होते.

शाळेतून निरोप आला आहे, जूनमध्ये रुजू होणार का म्हणून. माहीत नाही, असं कळवलं. खरंच माहीत नाही. आरोहीची वेणी मात्र मी घालते, रोज नाही, पण घालते. हे बाजूला उभे राहून बघतात.

आदेशचं लग्न उरकलं की तुम्ही इकडं या. माहेरी यायला निमित्त लागत नाही. यांना सुट्टी असेलच असं नाही, आरोही शाळेत असेल. तेव्हा दार मी उघडीन. तुम्ही एकदाच वाजवा. मला उठून दारापर्यंत यायला वेळ लागेल, काही दिवशी फार लागतो. तेवढं थांबा. घरात कुणी नाही असं समजून परत जाऊ नका.

तुमची
अश्विनी